११८ आणि ११९ च्या मध्ये

सोहारला माझं काम मोजायचं.
सहा महिन्यांचं को-ऑप, चार क्रेडिट,
कॉलेजच्या फॉर्मवर ‘जबाबदारी’च्या रकान्यात
इंजिनियर मुना अल बलुशींनी एकच शब्द लिहिला:
व्हॉल्व्ह.

ड्रॉइंग घ्यायचं, पाइप धरायचा,
समुद्राच्या तोंडापासून गोड्या पाण्याच्या टाकीपर्यंत चालायचं.
कागदावरचा व्हॉल्व्ह जागेवर दिसला की हिरवा ठिपका,
नाही दिसला की लाल.
बुटांत बायकांचं माप नव्हतं,
दोन-दोन मोजे चढवून माझं एकोणचाळीसचं पाऊल एक्केचाळीसमध्ये.
पाठीवर पिवळ्या अक्षरांत ‘ट्रेनी’,
लोक आधीच वाट सोडायचे.

थर्मोडायनॅमिक्सला मला एक्क्याण्णव आहेत.
पहिल्याच आठवड्यात तीनदा
गरम पाइप कुठला ते हात लावून शिकले.

जेवणाच्या सुट्टीत आईला फोनवर सांगत होते
की मेसची डाळ म्हणजे नुसतं पिवळं पाणी,
तर मागून कुणीतरी म्हणालं,
‘बाय, शुक्रवारी जरा बरी असते.’
अब्बास परकार, फिटर, दाभोळ खाडीच्या पलीकडले,
सव्वीस वर्षं इथे,
एका कानात कापूस, खिशात जुन्या ओ-रिंगा,
दात कोरायला वेल्डिंगची तार.

११८ नंतर ११९ यायला हवा होता.
त्याच्या अलीकडेच एक फाटा निघालेला,
वळसा घालून पलीकडे पुन्हा मिळालेला,
आणि फाट्यावर एक भलताच व्हॉल्व्ह.
चाक निळं. इथली सगळी लाल.
नंबर नाही, पट्टी नाही.
ड्रॉइंगमध्ये त्या जागी सरळ रेघ.
मी दोनदा मागे गेले, दोनदा पुढे.
कागद चुकला की लोखंड,
हे कुठल्या सेमिस्टरला असतं?

‘तो होय,’ परकार म्हणाले, ‘तो मी बसवलाय.’

एका रात्री समुद्रातनं झार आली.
जेलीफिश गं. बादलीभर नाही, गावभर.
जाळ्या तुंबल्या, पंप कोरडे फिरायला लागले,
साहेब मस्कतला, फोन बंद.
भंगारात बहारीनहून आलेला हा पडला होता.
पाइप कापला, बगलेतनं वाट काढली.
सकाळी गावात नळाला पाणी होतं.

‘मग कागदावर का नाही?’

‘परवानगी नव्हती ना बाय. कोण सांगणार.’

पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला त्यांचा व्हिसा संपतो.
हिशोब, ग्रॅच्युइटी, तिकीट, सगळं एका सहीवर अडकलेलं.
माझ्या हातात लाल पेन, हिरवं पेन.
मी दोन्हींची टोपणं लावली.
तेच म्हणाले, ‘लिही.
उद्या कुणी ११९ बंद करील,
पाणी थांबलं समजून आत उतरेल.’

मुनाबाई स्वतः आल्या. उन्हात उभ्या राहिल्या.
चाकावरून बोट फिरवलं, बोटाला निळा रंग लागला नाही.
‘कोणी बसवला?’
परकार चार पावलांवर, पान्याचा दात पुसत.
मी तोंड उघडलं.
‘नको,’ त्या म्हणाल्या, ‘लिही: जागेवर आढळला.’

जागेवर आढळला.
मस्कतला शनिवारच्या मराठी वर्गात
आमच्या बर्वेबाईंनी प्रयोग शिकवले होते तेव्हा
मला वाटायचं, ज्या वाक्यांत कर्ता नाही
ती आळशी माणसांनी केलेली असतात.

११८-अ असा नंबर पडला.
सुधारित ड्रॉइंग छापून आलं,
काढणारा, तपासणारा, मंजूर करणारा, तीन चौकटी,
पहिलीत माझी आद्याक्षरं, जरा थरथरलेली.
मी ते परकारांना दाखवायला नेलं.
त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला,
बोट रेघेरेघेनं फिरवत ११८ पर्यंत आणलं
आणि थांबले.

दोन छोटे त्रिकोण, टोकाला टोक लागलेले.

‘एवढाच?’ म्हणाले.
‘चाळीस किलोचा होता गं.’