कोनी गातच नाही

रात्री दीड. अजनीत कूलरची टाकी भरून
इयरफोन लावले.
पहिल्याच ट्रॅकला डबल बेस
कोळशाच्या मालगाडीसारखा छातीवरून गेला.
डबे मोजत गेलो, दर सातव्याला अडखळलो,
मग कळलं, तालच सातचा.

तिसरा ट्रॅक जरा पाल्हाळिक. असो.
पाचव्यात मात्र गिटार एकटी उरते,
फुटाळ्यावरची गर्दी पांगल्यावर
पाणी दिसतं तशी.

शिफ्टवरून आलेल्या तेजरामला एक कान दिला.
"कोनी गातच नाही का बे?"
म्हणाला,
आणि तो कान परत दिला नाही.

शेवटचा ट्रॅक अकरा मिनिटांचा,
समेवर न येताच तुटतो.
आम्ही दोघं समेची वाट पाहत बसलो.
कूलर ठिबकत होता,
पाच, सात,
पाच.