मधली खूण

ग्यूम्रीत फेब्रुवारी म्हणजे पाना हाताला चिकटतो.
शोघिक आली तेव्हा मी गॅरेजच्या दारात
पत्र्याच्या डब्यात फळकुटं पेटवून बसलो होतो.
"म्कर्तिचची गाडी," म्हणाली. माझी असं नाही म्हणाली.
"गॅसवर करून दे. पेट्रोल परवडत नाही."

म्कर्तिच. बावीस वर्षं टॅक्सी, हीच पांढरी झिगुली,
आणि गॅसचं नाव काढलं की म्हणायचा,
पाठीशी बॉम्ब घेऊन कोण बसेल रे वाझगेन,
मला काय मरायची घाई आहे?
गेला तो जिन्यात, पाव घेऊन चढताना.
पाव कुणीतरी वर नेऊन दिला.

डिकी रिकामी केली:
जॅक, दोरखंड, बटाट्याच्या पोत्यातली माती,
जर्दाळूच्या अकरा बिया,
डाव्या हाताचा एक लहान मुलाचा मोजा.
तिनं बिया खिशात टाकल्या.
मोजा बघितला, आणि म्हणाली, हा आमचा नाही.
मग तोही ठेवून घेतला.

सिलिंडर चढवायला शेजारच्या आर्तुशला हाक मारली.
सत्तर किलो लोखंड. एकदा बसलं की
डिकीत त्याचंच बिऱ्हाड.
स्टेपनी गेली टपावर.
खालून नळी ओढली, बारीक, पोलादी,
जोडाजोडाला साबणाचा फेस लावून बसलो,
बुडबुडा येतो का बघत.
"वास कसा येतो?" तिनं विचारलं.
म्हटलं, त्याला स्वतःचा वास नसतो,
माणसांना कळावं म्हणून मुद्दाम मिसळतात.
ती म्हणाली, "म्कर्तिचच्या कोटाला अजून पेट्रोलचा येतो."
मी फेस पुसत राहिलो.

दाब उतरताना गॅस गारठतो.
इतका, की झडप गोठून बसेल;
म्हणून इंजिनातलं गरम पाणी तिच्याभोवती फिरवायचं.
हे मी सगळ्यांनाच सांगतो. तिला जरा सावकाश सांगितलं.

पेट्रोलची टाकी काढली नाही.
थंडीत गाडी सुरू व्हायची ती जुन्यावरच,
इंजिन तापलं की नव्यावर.
एकाच घरात दोन चुली.

स्टिअरिंगखाली बटण बसवलं, तीन खुणांचं.
वर पेट्रोल. खाली गॅस.
"आणि मधली?"
मधली म्हणजे काहीच नाही. दोन्ही बंद.
कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेलं पेट्रोल
आधी जळून जाऊ द्यायचं,
नाहीतर दोन्ही एकदम जातात आणि इंजिन घुसमटतं.
"किती वेळ चालते मधल्यावर?"
वाटीत असेल तेवढा. अर्धा मिनिट. कधी जास्त.
"आणि कळतं कसं?"
अडखळते. तेव्हा घाबरायचं नाही, खाली दाबायचं.

पैसे तिनं मोजून दिले, नाणी वेगळी.
गॅस भरताना गाडीत कुणी बसायचं नाही,
गिऱ्हाइकांनाही उतरवायचं, हे बजावलं.
"सगळ्यांना थंडीत उभं करू?"
नियम आहे. पाच मिनिटं.
"म्कर्तिचनं कुणाला उतरवलं नसतं,"
म्हणाली, आणि बसली.

दोनदा फिरकी मारून सुरू झाली.
काच खाली होती, मला दिसत होतं:
तिनं बटण मधल्या खुणेवर आणलं
आणि हात तिथंच ठेवून निघाली,
बेकरीवरून, बंद पडलेल्या मोज्यांच्या कारखान्यावरून.
वळणापाशी गाडी अडखळली.
एकदा. पुन्हा एकदा.
आर्तुश म्हणाला, बंद पडणार.
मी म्हटलं, थांब.

बर्फावर आवाज लांबून येतो.
इंजिनानं श्वास घेतला, आणि सूर बदलला,
थोडा कोरडा, थोडा वरचा.

जॅक मात्र इथंच विसरली.