आतला पत्ता

तांब्याची तार काढून नेली परवा
दोन पोरांनी, शीळ घालत.
खांब तेवढा राहिला. त्यावर एक समुद्रपक्षी बसतो.

कंपनीचं पत्र: यापुढे फोन इंटरनेटवरून.
सोबत एक पेटी, साबणदाणीएवढी,
आणि पत्रकावर हसणारी बाई,
जिच्या हातात एकही वायर नाही.

मी इदालिना. साओ जॉर्ज बेटाच्या एक्स्चेंजमध्ये
एकोणीस वर्षं दोऱ्या खोचल्या.
एका टोकाला हा, दुसऱ्या टोकाला तो, मधे मी.
जोडून झालं की कानावरचं काढून ठेवायचं,
हा नियम. मी पाळला.
बहुतेक वेळा.

तर म्हटलं, यात काय अवघड.
राउटरमधून केबल पेटीत,
पेटीतून वायर जुन्या काळ्या फोनला.
तबकडी फिरवली. पेटी ढिम्म.
शेजारचा झेफेरीनु म्हणाला, मावशी,
तिला ठोके कळत नाहीत, सूर कळतात.
बटणांचा फोन आणला.
पासवर्ड तीनदा चुकला;
शून्य समजत होते ते ओ निघालं.
दिवा लाल. दिवा लाल.
गाईंचं दूध काढून आले, दिवा हिरवा.

कॅनडात आमान्सियुला लावला.
घंटा वाजली, कुणीतरी उचलला,
आणि मग काहीच नाही.
बोर्डावर मेलेली लाइनसुद्धा जराशी घुमते,
ही घुमतही नव्हती.
हॅलो, म्हटलं. हॅलो.
रिसीव्हर खांद्यात धरला, बटाटे सोलायला घेतले,
आणि एकटं माणूस बोलतं तशी बोलत राहिले:

लाल गाईला वासरू झालंय,
कपाळावर पांढरं, आईच्या फुटक्या बशीएवढं.
पलीकडे पीकोवर सकाळपासून ढग बसलाय,
टोपी काढायला तयार नाही.
आणि आमान्सियु, बाबा गेले त्या रात्री
लाइन खराब नव्हती.
तुला तसं लिहिलं मी.
लाइन ठणठणीत होती, बोर्डासमोर मीच होते,
तुझी दोरी माझ्या हातात होती.
वाटलं, हा येईल, शेत विकू म्हणेल,
आधी पुरून तरी होऊ दे.
तिसऱ्या दिवशी खोचली.

मग फोन ठेवला.
चार माणसांना पुरतील एवढे बटाटे सोलून झाले होते.

झेफेरीनु शनिवारी आला, लॅपटॉप मांडीवर घेऊन.
मावशी, पेटीला दोन पत्ते असतात:
एक आतला, घरापुरता, एक बाहेरचा, जगासाठी.
तुमची पेटी जगाला आतलाच सांगत बसलीय.
त्यांचा आवाज निघतो, पण त्याला
तुमचं दार सापडत नाही.

आणि माझा?

तुमचा पोचतो की.
जाणाऱ्याला कोण अडवतंय.

मी कॉफी करायला उठले
ती बराच वेळ नुसती उभीच राहिले.
मागे त्याने कुठल्याशा चौकोनात खूण केली,
म्हणाला, झालं. एवढंच होतं.

संध्याकाळी फोन वाजला.
इतका स्वच्छ आवाज, की त्याच्या स्वयंपाकघरातलं
घड्याळ ऐकू येत होतं.
"ढग उतरला का?"
"कुठला?"
"पीकोवरचा."
मी वायर बोटाला गुंडाळली. सोडली.
"उतरला. बुधवारी."
"वासराचं नाव काय ठेवलंस?"
"अजून नाही."

तिसऱ्या प्रश्नाची वाट पाहिली.
तो गुडघ्यांबद्दल बोलला,
अंगणातल्या आलुबुखाराबद्दल बोलला,
सुनेच्या स्वयंपाकात मीठ कमी असतं त्याबद्दल बोलला.
मग खोकला, आणि म्हणाला,
"शनिवारी कर परत. आता फुकट आहे ना?"

"फुकट," मी म्हटलं.

त्याने ठेवला. मीही ठेवला.
आणि माझा उजवा हात, वेडा,
पेटीच्या पुढ्यात हवेत चाचपत राहिला,
कुठेतरी खोचलेली एक दोरी
काढून घेण्यासाठी.