तेथेरा

स्टॉकपोर्टहून निघालो तेव्हा साडेसहा वाजले होते.
विश्रामने डिकी भरली होती आदल्या रात्रीच :
छोटा कुकर, पोह्यांची पिशवी, दोन छत्र्या,
ऑफिसचा लॅपटॉप, नुसता असू दे म्हणून,
आणि हाताच्या सवयीनं
तिसरा रेनकोट.
मी पाहिला. डिकी लावून घेतली.

सोमवार जोडून आलेला,
त्यामुळे सगळ्या देशाला एकदमच एकांत हवा होता.
एम-सिक्सवर तीन तास मुंगीच्या पावलांनी
आम्ही एकांताकडे सरकत राहिलो.

पॅटरडेलमधलं घर बुटकं, दगडी.
गाभाऱ्यात शिरताना वाकावं तसं वाकून आत जायचं.
ओट्यावर दूध, सहा अंडी, एक चिठ्ठी :
'फाटक लावत जा, मेंढ्या शिरतात.
फोन लागणार नाही.'
विश्राम परसात फोन उंच धरून फिरला
आरती ओवाळल्यासारखा,
मग खिशात टाकून म्हणाला, बरंच झालं.
आवाजात तसं काही नव्हतं.

रात्री पाऊस आला घरमालकासारखा,
न विचारता, स्वतःच्या किल्लीनं.
दोघांच्या बेतानं केलेली खिचडी
तरी उरलीच.

सकाळी डोंगराकडे बघत तो म्हणाला,
राजगड चढलेल्या माणसाला हे काय!
अर्ध्या तासात
एका ओल्या दगडावर बसून होता, टोपीनं वारा घेत.
खाली तळं, बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं.
वर काहीच नाही. धुकं.
चुन्याशिवाय रचलेली दगडी भिंत
सरळ त्या धुक्यात चढून गेलेली,
जणू तिला तिकडे काम आहे.

भिंतीच्या तोंडाशी ॲगी टायसन उभी,
गुडघ्यापर्यंत गमबूट, हातात काठी,
फाटकातून एकेक मेंढी सोडत :
यान, तान, तेथेरा, मेथेरा, पिंप.
पाचाला पिंप! विश्राम इतका हसला
की मेंढ्या थबकल्या.
ती म्हणाली, आजोबा असे मोजायचे.
मी वहीतच मांडते,
हे आपलं तोंडाला चाळा म्हणून.

मी मात्र तेथेरापाशीच अडकले.
तेथे रहा,
असंच ऐकू आलं मला, तिसरीला कोणी बजावावं तसं.

कोकरं काळी जन्मतात, तिनं सांगितलं,
मग दरवर्षी थोडी थोडी पांढरी होतात.
विश्रामनं टोपी घातली परत.
आणि डोंगरावर कुंपण?
कशाला? आईमागून एक उन्हाळा हिंडलं
की कोकराला कळतं आपलं रान कुठवर.
मग ते जात नाही कुठं.

मी विचारणार होते,
आणि आईच दुसऱ्या रानातून आलेली असेल तर?
पण तिची मोजणी चुकली असती.

खिंडीत, जिथं वारा दोन्ही कानांत शिरतो,
विश्रामचा खिसा वाजला.
एकच रेघ आलेली रेंजची, आणि ॲबर्डीनहून शाल्मली,
काल रात्री साडेआठची :
'आई, मसुरीला किती शिट्ट्या?'

काल रात्रीची मसूर.
एव्हाना शिजली असेल, करपली असेल,
किंवा पोरीनं पिझ्झा मागवला असेल.
तरी तो माझ्याकडे बघत राहिला, अंगठा तयार ठेवून.
मी बोटं उघडली एकेक,
यान,
तान,
आणि वाऱ्यात तिसरं बोट तसंच उभं राहिलं.
'तीन,' त्यानं लिहिलं.
रेघ गेली.

मग बराच वेळ तो फोन डोक्यावर धरून
धुक्यात इकडून तिकडे फिरला.
मी भिंतीला टेकून
दोन्ही छत्र्या सांभाळल्या.