नव्वद मैल

ओहायोचं लायसन्स इथे चालत नाही.
तीच हाडं, तेच हृदय, तेच चार कप्पे,
तरी नेवाडाला माझ्या बोटांचे ठसे नव्याने हवे होते,
आणि एक पत्र,
की अकरा वर्षांत मी कुणाचं वाईट केलेलं नाही.
असं पत्र कोण देतं?
टोलीडोच्या कचेरीतल्या बाईने दिलं.
सही करताना म्हणाली, "तिकडे पाणी बरोबर ठेव."

तिथे सगळं आठ मिनिटांत व्हायचं.
उचल, टोच, दाब, आणि हॉस्पिटलचं दार.
माणसाचं नाव तोंडात बसायच्या आत
तो दुसऱ्याच्या हाती गेलेला.
मला वाटायचं, हीच माझी चपळाई.

इथे हॉस्पिटल नव्वद मैलांवर.
गाडी मर्विन चालवतो,
सकाळी शाळेची बस, उरलेल्या वेळी ॲम्ब्युलन्स.
दोन्ही एकाच वेगाने हाकतोस, असं मी त्याला म्हटलं,
तर म्हणाला, "बसमधली पोरं जास्त ओरडतात."

पहिल्याच आठवड्यात रेडिओ बोलला,
"एलिसागारायच्या जुन्या फाटकापाशी."
नकाशात फाटक नव्हतं.
रस्त्यालाही नाव नव्हतं, नुसती बारीक रेघ,
पेन चालतं का पाहायला कुणी ओढावी तशी.
मर्विनने नकाशा माझ्या मांडीवरून उचलला
आणि मागे टाकला.

फाटकाला टेकून म्हातारा बसलेला,
टोपी मांडीवर, मूठ छातीवर,
कुत्रा त्याच्यापेक्षा घाबरलेला.
ईसीजीच्या कागदावर डोंगर उभे राहिले,
उभे राहू नयेत तसे.
वाऱ्यामुळे हेलिकॉप्टर उडणार नव्हतं.
ॲस्पिरिन दिली, सुई लावली, डॉक्टरशी बोलले.
आठ मिनिटांत माझं सगळं करून झालं
आणि रस्ता होता तिथेच होता.

हातांना काम नाही
आणि माणूस अजून समोर,
असं माझ्या बाबतीत कधी झालंच नव्हतं.
मी विचारलं, दुखतंय किती, दहापैकी?
तो म्हणाला, "खिडकीतून काय दिसतंय ते सांग."
मागच्या दाराची खिडकी केवढी, वीतभर.
"काही नाही," मी म्हटलं. "ओसाड आहे सगळं."
तो हसला. मॉनिटरवर हसू वेडंवाकडं उमटलं.

मग तोच सांगू लागला,
उताणा, डोळे मिटून, पाठीला लागणाऱ्या वळणांवरून:
"हे डावं. इथे बापाच्या दोनशे मेंढ्या बर्फात गेल्या.
आता चढ. हा अर्ध्या पावाचा चढ,
पायी वर पोचेपर्यंत अर्धा पाव संपायचा.
आता खडखडेल. खडखडलं?
हा विधवेचा ओढा. पाणी कधीच नव्हतं त्यात.
विधवा मात्र होती."

हातमोज्याच्या पाठीवर मी लिहीत होते
रक्तदाब, वेळ, नाडी,
आणि त्यांच्या मधल्या जागेत
मेंढ्या, पाव, विधवा.
मधेच तो बास्क बोलायचा. ते लिहिता आलं नाही.

हॉस्पिटलच्या दारात मोजे काढून टाकायचे असतात.
मी एकच टाकला.

आईने फोनवर विचारलं, वाचला का गं?
वाचला, म्हटलं.
नऊ दिवस वाचला.
मग रेनोच्या एका खोलीत झोपेत गेला,
जिथे पलंगाला वळणं नसतात.

माझ्या गाडीला अजून ओहायोचीच पाटी आहे.
दंड होईल, मर्विन रोज म्हणतो.
बदलेन. शनिवारी कचेरी बंद असते.

काल एक पोरगी होती, घोड्यावरून पडलेली,
मांडीचं हाड मोडलेलं, ओठ चावून चावून पांढरे.
"अजून किती लांब?"
"अर्ध्या पावाचा चढ आला," मी म्हटलं.
"हे नाव कुणी ठेवलं?"
"इथल्या एका माणसाने."
"तू इथली आहेस?"

गाडी खडखडली.
"हा विधवेचा ओढा," मी म्हटलं.
"पाय हलवू नकोस."