घणाखालचा शब्द

संकेश्वरच्या बाजाराबाहेर, बस वळते तिथं,
केराबाई सोळंकीच्या पालासमोर
विटेवर रुमाल, रुमालावर मोबाइल ठेवला.
यादीत दोनशे दहा शब्द. पहिला : पाणी.

"पाणीच की," म्हणाली.
तुमच्यात काय म्हणतात?
"तुमच्यात आलो की पाणी, हुक्केरीकडं गेलो की नीरू."
आणि आपापसात?
तिनं नातवाकडं बघितलं. नातू कन्नड शाळेत, सहावीत.
तो उठूनच गेला.

चौकातल्या पाटीवर गेल्या महिन्यात डांबर फासलेलं,
एका लिपीचं दुसऱ्या लिपीशी भांडण.
ते खरवडायला जी पट्टी नेली
ती केराबाईनंच ठोकलेली, चाळीस रुपयांत.
पट्टीवर कुठलंच अक्षर नव्हतं.

तासभर मी शांतता धरून बसलो.
नियमच आहे : आवाज स्वच्छ पाहिजे.
रकाने मोकळेच.
"इसरलं," म्हणाली, "बसून कधी बोललोच न्हाई आम्ही."

मग कुणीतरी उसाचा कोयता घेऊन आला.
दीर मोतीरामनं भाता ओढला, सांडशीत पातं धरलं,
तिनं पदर खोचून घण उचलला
आणि दोघं बोलायला लागली.

एक शब्द : हळू मार, पण थांबू नको.
एक : आता कड.
एक फक्त पातं पिवळ्यावरून जांभळ्यावर जातं
तेवढ्या वेळेपुरता.
एक शिवी असावी, कारण दोघंही हसली.
यातला एकही माझ्या यादीत नव्हता.

रात्री लॉजवर ऐकलं.
शब्द उगवतो, ठण्ण,
शेपूट तेवढं उरतं.
फाइल धारवाडला पाठवली, आठवड्यात परत आली :
गोंगाट जास्त. पुन्हा ध्वनिमुद्रण करावे.

पुन्हा गेलो तर पाल नाही.
तीन दगड, राख, लोखंडाचा कीस.
पानवाला म्हणाला, यमकनमर्डीला गेली असतील,
नाहीतर गडहिंग्लजला, त्यांचं काय.
आणि पोरगं?
ते हितंच, वसतिगृहात.

त्याच्या कानाला हेडफोन लावला.
खाली मान घालून ऐकत राहिला,
दोनदा मागं नेलं, तिसऱ्यांदा नेलं.
मग घणाआधीचं अर्धं म्हणाला,
ठण्ण तोंडानंच काढलं,
आणि उरलेलं अर्धं.

मी पेन काढलं.
"ठण्ण पण लिवा, सर," म्हणाला,
"नाहीतर आजी हसंल."