रेंज फक्त खिंडीत

साल्हेरला कधी यावं, असं मी तुळजी गावितला
भर आषाढात विचारलं होतं.
आत्ता तर नकोच, म्हणाला.
आत्ता पायऱ्यांवर शेवाळ, साबण घासून ठेवल्यासारखं,
आणि धुकं असं, की आपलाच हात
दुसऱ्याचा समजून धरावा.
भादव्यात सोनकी फुलते, पण गवत डोक्यावरून जातं.
वाट असते, दिसत नाही.
दसऱ्याला कुसळं. मोज्यातून निघत नाहीत,
पुढच्या दसऱ्यापर्यंत टोचतात.
चैत्रात डोंगर जळतो, कुणीतरी लावतंच काडी,
टाक्यातलं पाणी तळाला जाऊन हिरवं होतं.
मार्गशीर्षात या. हवा कोरडी, कातळ कोरडा,
सप्तशृंगापलीकडचंही दिसतं.

मी मार्गशीर्षात आलो.
साल्हेरवाडीत गाडी लावली, जीपने वळसा घालून वाघांब्याला.
निम्म्या दारांना कुलपं,
उरलेल्यांना नुसती दोरी.
ओट्यावर एक म्हातारा सुतळी वळत होता.
सगळी दिंडोरीकडं, म्हणाला. द्राक्षात.
उचल घेतलीय, फाल्गुनाआधी कोण येतंय?
तुळजी? तो, बायको, पोरगी,
कोंबड्यासुद्धा नेल्यात.

म्हणजे जो महिना चढायला चांगला,
तोच त्यांचा उतरायचा.

फोन कुठून लागेल, विचारलं.
म्हाताऱ्याने सुतळीनेच वर दाखवलं:
रेंज फक्त खिंडीत.

खिंडीपर्यंत मी आणि माझा गुडघा,
दोघंच.
शेळ्यांच्या तीन वाटा, त्यातली जास्त लेंड्यांची खरी
असं धरून चाललो, चुकलो, करवंदीत शिरलो,
परत आलो.
खिंडीत वारा कानात बोट घालत होता.

पोचलात? तुळजी म्हणाला. मागे कात्री वाजत होती,
टिक, टिक, टिक.
आता सकाळचं ऊन पाठीवर घ्या. समोर तो साल्हेर.
मागं राहिला तो सालोटा, त्याच्या नादी आज लागू नका.
दरवाज्याआधी पायऱ्या तुटल्यात,
तिथं दरीकडं नाही, कातळाकडं बघा.
पुढं आडवी वाट, गुहांच्या पुढून.
मोठ्यानं बोलू नका, वर आग्या मोहळ आहे.
किती लांब आहे ती आडवी वाट?
टिक, टिक.
एका रांगेची विरळणी होते तेवढी.

मला विरळणी माहीत नव्हती.
घडातले मणी काढायचे, त्याने सांगितलं,
म्हणजे राहिलेले फुगतात.
मग कुणीतरी ओरडलं, आणि फोन बंद झाला.

आडवी वाट खरंच तेवढीच होती, असं समजू.
दरवाज्यात वाऱ्याने मला दोनदा मागे लोटलं,
तिसऱ्यांदा ओळखलं बहुतेक.
गंगासागरच्या पाण्यात हात घातला
तर बोटं मोजून घ्यावी लागली.
वर परशुरामाचं देऊळ, एका माणसापुरतं.
मी बाहेरच बसलो, भाकरी आत ठेवली,
नाहीतर उडाली असती.

आणि तिथं, म्हाताऱ्याचं न ऐकता,
फोन वाजला.
काय दिसतं? तुळजी.
मी सांगत गेलो. मांगी-तुंगी.
धोडपची खाच. सप्तशृंग.
त्याच्यामागं एक राखाडी थर.
त्या थराखाली मी, तो म्हणाला. हात करू का?
त्याची पोरगी हसली, हसताना खोकली.
फवारणी चालू होती.

मग आवाज खाली आणून म्हणाला,
घर बघा जरा माझं. विहिरीच्या वरच्या अंगाला.
पत्र्यावर निळा कागद आहे का?
बराच वेळ शोधला.
नखाएवढं निळं काहीतरी हललं.
आहे, म्हटलं.
हलतोय?
हो.
म्हणजे दगड पडले, तो म्हणाला.
टिक, टिक.
जाऊ द्या. तुम्ही तिकडून उतरा,
साल्हेरवाडीची वाट सोपी आहे.

गाडी साल्हेरवाडीत उभी होती,
डोंगराच्या पलीकडे.
मी गुडघ्यावर हात ठेवला.
त्या घराला दोन दगड पुरतील की चार,
हे तेवढं विचारायचं राहिलं होतं.